ईआरपी बसवताना नेमकं कुठे गाडं अडतं? दुसऱ्यांदा करायचंय, अनुभव सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं पण लिहायला बसलं की राग यायचा आणि राहून जायचं. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. दीडशेच्या आसपास माणसं, प्रेस शॉप, थोडं मशीनिंग, आणि प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट बाहेर जॉबवर्कला जातं, म्हणजे आमचाच माल दुसऱ्याकडे पाठवून काम करून घेतो. हिशोब टॅलीत आणि बाकी सगळं एक्सेलवर असं वर्षानुवर्षं चाललेलं. दोन वर्षांपूर्वी ठरलं की ईआरपी आणायचं, म्हणजे स्टॉक, खरेदी, प्रॉडक्शन, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. कंपनीचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

१ एप्रिलला गो-लाइव्ह झालं, म्हणजे नव्या सिस्टिमवर काम चालू झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला कस्टमरची गाडी डिस्पॅचला लागलेली, ब्रॅकेटचे बिन समोर रचलेले, मी स्वतः मोजले, १,२०० पीस. आणि सिस्टिम म्हणते स्टॉक शून्य. का, तर प्लेटिंगवरून परत आलेल्या मालाची एंट्री करायची तर आधी गेलेल्या मालाचं चलन सिस्टिममध्ये पाहिजे, आणि तो माल गेला होता २८ मार्चला, जुन्या चलन बुकावर. स्टॉक नाही म्हणून इन्व्हॉइस नाही, इन्व्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि त्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही. ड्रायव्हर चार तास बसून, तिकडून कस्टमरचे फोनवर फोन की आमची लाइन थांबेल. शेवटी साडेनऊला कन्सल्टंटकडच्या मुलाने सांगितलं की एक डमी प्रॉडक्शन एंट्री मारा, स्टॉक चढेल, नंतर रिव्हर्स करू. मारली, गाडी गेली. ती एंट्री आजतागायत रिव्हर्स झालेली नाही.

मग रोज एक दोन डमी एंट्र्या. अशी एंट्री मारली की तिच्यामागे कच्चा माल आपोआप वजा होतो, त्यामुळे जूनपर्यंत परिस्थिती अशी की रॅकवर कॉइल डोळ्यांना दिसतंय आणि स्क्रीनवर उणे चार टन. ऑगस्टपर्यंत सगळे एकेक करून एक्सेलवर परत गेले. आता त्या सिस्टिममधून फक्त इन्व्हॉइस निघतं. लायसन्स, सर्व्हर, कन्सल्टंट सगळं धरून ४० लाखांच्या वर गेले.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. आमचे स्टोअरचे काका, २६ वर्षं तिथेच आहेत, फेब्रुवारीतल्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले होते की साहेब हे एप्रिलला होणार नाही, जॉबवर्कला बाहेर पडलेला माल कोणी मोजलेलाच नाहीये. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले काका काळजी करू नका, ते सगळं सिस्टिममध्ये येईल. त्या मीटिंगचे मिनिट्स मी लिहिले. काकांचं वाक्य मी त्यात घेतलं नाही, कारण सगळ्यांनी तारखेला हो म्हटलं होतं आणि हे मध्येच कुठे लिहायचं असं वाटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मॅनेजमेंटने पुन्हा करायचं ठरवलंय आणि लीड मला दिलंय. ज्यांनी हे केलंय, बसवणाऱ्या बाजूने किंवा वापरणाऱ्या बाजूने, त्यांनी मोकळेपणी लिहा. कुठल्या गोष्टीत आधी हात घालायचा?


घाटवाट

रानजाई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सोळा वर्षं ईआरपी बसवण्याच्याच कामात आहे, म्हणजे तुमच्या गोष्टीतला तो साडेनऊ वाजता डमी एंट्री मारा म्हणणारा मुलगा एकेकाळी मी होतो. त्या मुलाला दोष देऊ नका. त्याला तीन महिन्यांचं ट्रेनिंग देऊन पाठवलेलं असतं आणि त्याच्या वरचा सीनियर एकाच वेळी चार साइट बघत असतो.

आमच्या बाजूचं खरं सांगतो. विकणारा माणूस वेगळा आणि बसवणारा वेगळा. विकताना प्रत्येक प्रश्नाला उत्तर हो असतं. जॉबवर्क होतं का, हो. एका चलनावर किलोने पाठवून नगाने परत घेता येतं का, हो. बसवणाऱ्याच्या हातात जेव्हा कागद येतो तेव्हा त्यावर फक्त मॉड्यूलची नावं आणि दिवस असतात. मग दोनशे पानांचं ब्लूप्रिंट, म्हणजे कुठलं काम सिस्टिममध्ये कसं चालणार याचा आराखडा, तयार होतं, ते ज्यांना रोजचं काम माहितीये त्यांनी वाचलेलं नसतं आणि ज्यांनी सही केलेली असते त्यांना रोजचं काम माहिती नसतं. पुढे काहीही निघालं की आम्ही ती सही दाखवतो आणि चेंज रिक्वेस्टचे पैसे लावतो. हे बरोबर नाही पण असं चालतं.

म्हणून दुसऱ्यांदा करताना माझं पहिलं सांगणं, ब्लूप्रिंटवर सही करायच्या आधी तुमचे दहा खरे व्यवहार निवडा, अगदी वाकडेतिकडे निवडा. प्लेटिंगवरून ५०० पैकी ४८० आले आणि २० रिजेक्ट, कस्टमरने रेट मागच्या तारखेपासून बदलला, एकाच गाडीत दोन पीओचा (खरेदी ऑर्डरचा) माल. आणि व्हेंडरला म्हणा हे आमच्यासमोर, आमच्या डेटावर करून दाखवा. स्लाइड नको. जो करून दाखवतो त्याच्याशी पुढचं बोलायचं.

मोठमोठ्या कंपन्याही यातच अडकल्यात. अमेरिकेतली हर्शी, चॉकलेटवाली, १९९९ साली ११ कोटी २० लाख डॉलरचा प्रकल्प. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवायला घेतलं आणि चालू कधी केलं तर जुलैत, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी सुरू होण्याच्या तोंडावर. गोदामात माल होता, पण जवळजवळ १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानात पोचवता आल्या नाहीत. रानजाई, तुमच्या १,२०० पीसची गोष्ट वाचताना मला तेच आठवलं.

याच्या उलट्या टोकाला लिडल. जर्मनीतली सुपरमार्केटची साखळी, २०११ पासून सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरवर काम चालू होतं, २०१८ साली गुंडाळलं, तोवर ५० कोटी युरोच्या आसपास खर्च झाला होता. तिथली एक अडचण साधी वाटेल अशी होती. लिडल आपला स्टॉक खरेदीच्या भावाने मोजायची आणि ते सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने मोजायला बनवलेलं. लिडलने आपली पद्धत सोडली नाही, मग सॉफ्टवेअरच बदलत बसले. आपली कुठली पद्धत खरोखर धंद्याची गरज आहे आणि कुठली फक्त सवय आहे, हा हिशोब पैसे खर्च करायच्या आधी करायचा असतो, आणि तो मालकाने करायचा असतो, कन्सल्टंटला तो करताच येत नाही.


मोगरा

वाचतेय. आमच्याकडे हॉस्पिटलला पुढच्या वर्षी असंच काहीतरी येणार आहे.


बिनकार्ड

रानजाई ताई, मी जळगावकडचा, एमआयडीसीत स्टोअरलाच २२ वर्षं झाली. तुमच्या काकांच्या जागी मी स्वतःला बघतोय म्हणून लिहितो, टायपिंग हळू आहे, चुका सांभाळून घ्या.

बाहेर पडलेला माल म्हणजे स्टोअरवाल्याच्या डोक्यावरचं सगळ्यात मोठं ओझं. आम्ही अजून त्याला ५७ एफ ४ चं चलनच म्हणतो, एक्साइज जाऊन जीएसटी आला तरी तोंडातून तेच नाव येतं. माल पाठवताना प्लेटिंगवाला किलोने मागतो कारण त्याचा रेट किलोवर, आणि परत आला की आमचं इन्स्पेक्शन नगाने मोजतं. तीन चलनांचा माल तो एकाच टाकीत सोडतो आणि एकत्र परत देतो. मग कुठलं चलन क्लोज करायचं? मी वहीत त्याच्या नावाचं एक पान ठेवतो, गेले इतके, आले इतके, रिजेक्ट इतके, त्याच्याकडे बाकी इतके. सिस्टिमला मात्र चलनाला चलन जुळलेलं पाहिजे. आणि हे नुसतं आमच्या सोयीचं नाही हं, जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात आणि टॅक्स मागे लागतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. चालू करायच्या तीन आठवडे आधी मी आणि अकाउंटचा एक मुलगा, टू व्हीलरवर, एकेका जॉबवर्करकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये बसून माल मोजला. लहान पार्ट असेल तर शंभर पीस तोलायचे आणि मग पूर्ण ढीग तोलायचा, येतो आकडा. जे आहे ते कागदावर लिहून त्याची सही घेतली की अमुक तारखेला माझ्याकडे इतका माल बाकी आहे. नऊ जण होते. सात ठिकाणी आमची वही आणि त्याचा माल जुळला नाही. भांडणं झाली, पण ती सिस्टिम चालू व्हायच्या आधी झाली. तोच आकडा ओपनिंग म्हणून टाकला आणि सगळी जुनी चलनं त्या दिवशी बंद केली, प्रत्येकाच्या नावाने एकच नवं चलन.

दुसरी गोष्ट, बीओएममधलं वजन तपासा, म्हणजे एका पार्टला कुठला माल किती लागतो त्या यादीतलं. ड्रॉइंगवर फिनिश पार्टचं वजन असतं. डिझाइनवाला तेच उचलून टाकतो. पण प्रेसला कॉइल कापताना स्क्रॅप जातो तो कोण धरणार? आमच्याकडे एका पार्टचं ड्रॉइंगवर वजन १८० ग्रॅम आणि खरं लागायचं २६० ग्रॅम. महिन्याला ४०,००० पीस म्हणजे ३,२०० किलोचा फरक. सिस्टिम म्हणते कॉइल शिल्लक आहे, खरेदीवाला ऑर्डर टाकत नाही, आणि महिन्याच्या २२ तारखेला प्रेस उभा. सगळे म्हणाले सिस्टिम खोटी. सिस्टिमने दिलेल्या आकड्याचा गुणाकारच केला होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

तुमच्या काकांना आता तरी टीममध्ये घ्या. मत विचारायला बोलवू नका, काम द्या.


रानजाई

बिनकार्ड काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि आज सकाळी जाऊन आधी बीओएम उघडलं. आमच्या टॉप २० पार्टपैकी १४ चं वजन ड्रॉइंगवरून घेतलंय. चौदा! दीड वर्षं आम्ही डमी एंट्र्यांनाच धरून बसलो होतो आणि हे कोणी बघितलंच नव्हतं. प्रेस शॉपच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला मला खरं वजन तोंडपाठ आहे, मला कोणी विचारलं नाही.


शिरोलीकर

मी मालकाच्या बाजूने लिहितो, कारण धाग्यात ती बाजू अजून आलेली नाही. शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री आहे, लहानशीच. कामगाराचं ऐका हे सगळं मान्य, पण प्रत्येक वेळी कामगार बरोबरच असतो असं नाही. माझ्याकडे सिस्टिम आली तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मशीन शॉपच्या सुपरवायझरने केला. नंतर कळलं की त्याच्याकडे कुठेच न दाखवलेला दोन दिवसांचा माल असायचा. मी आधी चोरीच समजलो, खरं सांगतो, बोललोही तसं त्याला. चोरी नव्हती. डिस्पॅचला कमी पडलं तर ऐकून कोणाला घ्यावं लागायचं, त्यालाच. म्हणून तो बिचारा हातचा माल बाजूला ठेवायचा. सिस्टिममध्ये सगळा माल दाखवायचा म्हणजे त्याचा आधार काढून घेणं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे माल कमी पडला आणि सिस्टिममध्ये आकडा बरोबर असेल तर तुला एक शब्द बोलणार नाही, प्लॅनिंगला विचारीन. त्यानंतर तो माल बाहेर आला. मी ज्याला सॉफ्टवेअरचा प्रश्न समजत होतो तो माझ्या ओरडण्याचा प्रश्न होता.

दुसरं, मालकाने स्वतः काय करायचं. पहिले चार महिने माझी सोमवारची मीटिंग एक्सेलवरच चालायची. सिस्टिममध्ये एंट्र्या होत होत्या, पण माझ्यासाठी म्हणून पोरं वेगळी शीट बनवून आणायची. दोन्हीकडे काम, मग एकाकडे दुर्लक्ष होणारच, आणि साहेब ज्याच्याकडे बघतो तिकडे कोण दुर्लक्ष करेल? एके सोमवारी मी शीट परत दिली आणि स्क्रीन लावायला सांगितली. पहिले तीन आठवडे आकडे इतके चुकीचे होते की मीटिंग अडीच तास चालायची. पण चुका तिथेच सापडायला लागल्या. मालक एक्सेल घ्यायचं थांबवत नाही तोवर कुठलंही ईआरपी चालत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आणि घाटवाट साहेब, कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त बघून मी पहिल्यांदा घेतलं होतं. ट्रेनिंगचे दिवस कापून रेट कमी केला होता, मीच कापायला लावले होते. ते करू नका.


थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये बँकांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. फाउंड्री आणि प्रेस शॉपमधलं मला काही कळत नाही, पण रानजाईंनी लिहिलेलं ते मिनिट्सचं वाचून राहवलं नाही. तयारी झाली नाहीये हे कोणी म्हणायचं आणि म्हटल्यावर ते कुठे लिहिलं जातं, माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

इथली टीएसबी बँक. एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर एका वीकेंडला हलवली. सोमवारी सकाळी लोकांना खात्यात जाता येईना, जवळपास १९ लाख लोक बाहेर अडकले, काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसली. सीईओंना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. आणि माझ्या क्षेत्रातल्या लोकांना खरा हादरा बसला तो एप्रिल २०२३ मध्ये, तेव्हा बँकेच्या माजी सीआयओंना, म्हणजे आयटीच्या प्रमुखांना, व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. कशासाठी, तर सिस्टिम सांभाळणारी पुरवठादार कंपनी खरोखर तयार आहे की नाही याची पुरेशी खात्री करून घेतली नाही म्हणून.

पुरवठादार म्हणतो तयार आहोत, हे वाक्य आमच्याकडे रोज येतं. आता मी विचारते, कशावरून? किती टेस्ट केल्या, किती फेल, फेल झालेल्यांचं काय केलं, आणि सगळं बिघडलं तर जुन्यावर परत कसं यायचं ते एकदा करून बघितलंय का? परत यायचा रस्ता कागदावर असतो, करून कोणीच बघत नाही. रानजाई, तुमच्याकडे त्या तिसऱ्या दिवशी रात्री जुन्या पद्धतीने इन्व्हॉइस काढायची सोय होती का? असती तर ती डमी एंट्री मारावीच लागली नसती.

अजून एक करून बघा. चालू करायचं की नाही हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट, प्रॉडक्शन प्रत्येकाने एकेका कागदावर हो किंवा नाही आणि कारण लिहून द्यायचं. सगळ्यात लहान पदाच्या माणसाचा कागद आधी वाचायचा. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांच्या मागून बोलतात, मी हे दोन देशांत पाहिलंय.


रानजाई

नव्हती. टॅलीचं इन्व्हॉइसिंग ३१ मार्चच्या रात्री मुद्दाम बंद केलं होतं, म्हणजे लोक जुन्यावर परत जाणार नाहीत म्हणून. कागदांची कल्पना फार आवडली.

तारखेबद्दल विचारायचं होतं. मॅनेजमेंट पुन्हा १ एप्रिलच म्हणतंय, अकाउंटवाले म्हणतात वर्षाच्या मध्ये केलं तर दोन सिस्टिममध्ये वर्ष तुटतं.


नावेजमा

अकाउंटवाला बोलतोय. १ एप्रिलचा हट्ट आम्हीच धरतो आणि तो आमच्या सोयीचा असतो हे मान्य करतो. पण मार्चमध्ये कंपनीत काय चालू असतं बघा. टार्गेट पूर्ण करायला डिस्पॅच दुप्पट, स्टॉक टेकिंग, ऑडिटर येऊन बसलेले, आणि त्यातच सगळ्यांनी नवी सिस्टिम शिकायची. रात्र थोडी सोंगं फार. वर्ष तुटल्याने काही बिघडत नाही. जीएसटीचे रिटर्न महिन्याचे असतात त्यामुळे कुठल्याही महिन्याची १ तारीख धरा, तोपर्यंतचे लेजर बॅलन्स एकत्र घ्या आणि पार्टीची येणी देणी मात्र एकूण आकडा न टाकता बिलवार टाका. बिलवार नाही टाकलं तर पहिल्याच पेमेंटला कुठलं बिल भागलं ते कळणार नाही आणि पार्टीशी वाद. ऑडिटरला दोन सिस्टिमचे दोन ट्रायल बॅलन्स द्यायचे आणि मधला जुळवणीचा कागद द्यायचा. आठ दहा दिवसांचं काम आहे, आम्ही केलंय. तुमचा डिस्पॅच कमी असतो तो महिना बघा, आणि तारीख घ्या.


बर्फातून

टोरांटोहून. टार्गेट या अमेरिकन साखळीची दुकानं इथे २०१३ ला उघडली तेव्हा आम्ही हौसेने गेलो होतो, शेल्फ रिकामे. गोदामं भरलेली आणि शेल्फ रिकामे. नंतर जे बाहेर आलं त्यात मोठं कारण हे होतं की घाईघाईत भरलेला मालाचा डेटा चुकीचा होता, लांबी रुंदी सेंटिमीटरऐवजी इंचात टाकलेली, त्यामुळे खोक्यात किती बसतं आणि शेल्फवर किती बसतं सगळंच चुकलं. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातली सगळी १३३ दुकानं बंद करायचं जाहीर केलं. ते आकडे भरणारी बरीचशी नवीन मुलं होती, त्यांनी त्या वस्तू कधी हातात धरलेल्या नव्हत्या. रानजाईंच्या आयटम मास्टरबद्दल, म्हणजे सिस्टिममधल्या सगळ्या वस्तूंच्या मूळ यादीबद्दल, अजून कोणी विचारलं नाही म्हणून लिहिलं.


चावडी

हा धागा गेले तीन दिवस वाचतेय. माझा कारखान्याशी संबंध नाही, मी शेतकऱ्याघरची, वडील तलाठी होते. पण डेटा कसा स्वच्छ करायचा याचं आपल्या राज्यातलंच एक उदाहरण आहे आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही म्हणून लिहिते.

सातबारे कॉम्प्युटरवर घेतले तेव्हा हाताने लिहिलेलं बघून टाइप केलेलं. त्यात नावं चुकली, क्षेत्र चुकलं, एखाद्याचा बोजा राहिला, कुळाचं नाव गळलं. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळायची नाही. कॉम्प्युटरवर आलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले असते तर गावोगाव कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या. त्यासाठी २०१७ च्या मे महिन्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने गावात बसायचं, कॉम्प्युटरमधला सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने तिथेच सांगायचं की हे नाव चुकलंय, आमच्या आजोबांचं नाव असं नाही असं आहे. मग मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती. लेखनातली चूक सुधारायला महसूल संहितेचं कलम १५५ होतंच. एवढं सगळं झाल्यावर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. चुका अजूनही निघतात, मी नाही म्हणत नाही, पण आधी वाचलं आणि नंतर सही केली हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या गावच्या वाचनाला मी होते. पारावर सतरंजी, वडिलांपुढे प्रिंटचा गठ्ठा, आणि एक ऐंशीच्या पुढच्या आजी काठी टेकत आल्या होत्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. त्यांच्या गटाचं वाचताना वडिलांनी २ हेक्टर ४० आर असं वाचलं, आणि त्या लगेच म्हणाल्या, नाही रे बाबा, विहिरीकडचा तुकडा धाकट्याला गेला, तो यात कसा? फेरफार काढून बघितला, आजी बरोबर होत्या. कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्याला ते कळायची काही सोयच नव्हती.

तुमचं आयटम मास्टर असं स्टोअरमध्ये बसून मोठ्याने वाचता येणार नाही का?


घाटवाट

चावडी ताई, सोळा वर्षांत डेटा क्लिन्सिंगच्या इतक्या एक्सेल टेम्प्लेट बनवल्या, युजरला मेल केल्या, आणि शेवटच्या दिवशी न तपासता ओके म्हणून परत आल्या. कारण मेलवर आलेल्या ११,००० ओळी कोणी वाचत नाही. बसून मोठ्याने वाचायचं हे मला कधी सुचलं नाही. माझ्या पुढच्या साइटला मी हे करणार आहे.


बिनकार्ड

चावडी ताईंनी मनातलं लिहिलं. स्टोअरवाल्याला कोड पाठ नसतो, वस्तू पाठ असते. नाव ऐकलं की तो रॅककडे बघतो.


रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी परत आलेय, कारण सांगण्यासारखं काहीतरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आम्ही दर शनिवारी दुपारी दोन ते पाच वाचन करतोय. स्टोअरमध्येच, रॅकच्या मध्ये टेबल टाकून. मी वाचते, काका ऐकतात, खरेदीचा एक जण आणि प्रेस शॉपचा सुपरवायझर बाजूला, आणि एक मुलगा लॅपटॉपवर जागच्या जागी बदल करतो. एकूण ११,४०० आयटम आहेत. पहिल्या शनिवारी ३१० झाले आणि मला रडू येईल असं वाटलं, इतक्या हळू कधी संपणार. पण तीन शनिवारांनंतर वेग आला कारण काका म्हणाले आधी गेल्या दोन वर्षांत ज्यांची हालचालच नाही ते बाजूला काढा, तसे ५,००० च्या वर निघाले.

एम ८ चा वॉशर चार कोडवर सापडला. एकात नग, एकात किलो, एकात पॅकेट, आणि चौथ्यात नाव फक्त वॉशर जुना. मी चौथा खोडायला सांगत होते. काका उठले, शेवटच्या रॅकच्या खालच्या कप्प्यातून एक डबा काढला, आणि दोन वॉशर माझ्या तळहातावर ठेवले. एक बोटाने दाबून बघा म्हणाले. जुना जाड होता, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा फरक असेल, आणि तो एका कस्टमरच्या स्पेअरच्या ऑर्डरला अजून लागतो, वर्षातून दोनदा. खोडला असता तर त्या ऑर्डरला पातळ वॉशर गेला असता. आता त्याला स्वतःचं नीट नाव आहे, जाडीसकट.

जॉबवर्करकडे मोजणी चालू आहे. एका प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये आमचे २,३०० पीस मागच्या नोव्हेंबरपासून पडलेले मिळाले, जीएसटीची वर्षाची मुदत संपायला फार दिवस राहिले नव्हते. परत आणले.

तारीख अजून ठरलेली नाही. एमडी साहेबांनी मागच्या मीटिंगला विचारलं तेव्हा कागद फिरवले. काकांचा आधी वाचला, त्यांनी लिहिलं होतं, दोन हीट ट्रीटमेंटवाल्यांकडचा माल मोजायचा आहे, तोवर नको. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले मग मोजून घ्या. मिनिट्समध्ये ते वाक्य जसंच्या तसं घेतलंय, काकांच्या नावासकट.

बिनकार्ड काका, एक विचारायचं होतं. या शनिवारी रबरचे ग्रोमेट आणि बुश घ्यायचेत, एकेका बिनमध्ये सात आठ हजार पीस आहेत. ते शंभर पीस तोलून मोजले तर चालतील का, की हातानेच मोजायचे?


बिनकार्ड

तोलून चालतील ताई पण सांभाळून. रबरच्या पार्टला कडेला फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर आलेलं जादा रबर, राहिलेली असते, लॉटला लॉट वजन हलतं. मागच्या लॉटचं वजन धरू नका, प्रत्येक बिनचे शंभर पीस नव्याने तोला, आणि एकाच बिनमध्ये दोन लॉट मिसळलेले दिसले तर तेवढा बिन हाताने मोजा. काकांना माझा नमस्कार सांगा.